सभागृह, क्लब की मैदान? तिकीट काढण्याआधी जागा बघा

मोठ्या शहरात एकाच शनिवारी तीन-चार चांगले कार्यक्रम असतात आणि संध्याकाळ एकच असते. बहुतेक जण कलाकाराचं नाव बघून तिकीट काढतात. पण जागाही तितकीच बघावी, कारण एका ठिकाणी अंगावर काटा आणणारा कार्यक्रम दुसऱ्या ठिकाणी नुसता गोंगाट वाटतो. पहिला प्रश्न असा: आवाज थेट वाद्यातून आणि गळ्यातून येणार आहे की स्पीकरमधून?

सभागृह

वाद्यवृंद, पियानो, ऑपेरा असं माइकविना होणारं संगीत ऐकायचं असेल तर चांगल्या सभागृहाला पर्याय नाही. तिथे भिंती आणि छतही वाजतात. सिम्फनीसाठी, म्हणजे वाद्यवृंदाच्या मोठ्या रचनांसाठी नावाजलेल्या सभागृहांत आवाज पूर्ण विरायला साधारण दोन सेकंद लागतात. व्हिएन्नाचं म्युझिकफेराइन (१८७०) आणि भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांच्या ध्वनिशास्त्राच्या आधाराने उभं राहिलेलं बॉस्टनचं सिम्फनी हॉल (१९००) ही दोन्ही सभागृहं बुटांच्या खोक्यासारखी लांबट, अरुंद आणि उंच आहेत. बाजूच्या भिंती जवळ असल्याने परतलेला आवाज लगेच कानावर येतो आणि सूर चारही बाजूंनी भरून राहतो. नुसता मोठा आकार कामाचा नाही. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये (१८७१) घुमटामुळे उमटणारा प्रतिध्वनी आटोक्यात आणायला १९६९ मध्ये छताखाली फायबरग्लासच्या तबकड्या टांगाव्या लागल्या.

हेच दोन सेकंद ड्रम आणि बेस गिटारला मात्र मारक ठरतात. एका ठोक्याचा घुमणारा आवाज विरायच्या आत पुढचा ठोका येतो, खालचे सूर एकमेकांत मिसळतात आणि शब्द बुडतात. म्हणून रॉक बँडचा कार्यक्रम जुन्या सिम्फनी सभागृहात असेल तर आवडता बँड असूनही दोनदा विचार करावा.

इथे खुर्ची कुठली मिळते यावर सगळं अवलंबून आहे. अगदी पुढच्या रांगांत व्हायोलिनवाले तेवढे दिसतात. त्यांच्यामागचे बासरी, क्लॅरिनेट झाकले जातात आणि त्यांचा आवाजही डोक्यावरून निघून जातो. बाल्कनीखालच्या शेवटच्या रांगा तर टाळाव्यातच. बाल्कनीखालची जागा समोरच्या उघड्या उंचीपेक्षा खोल असली की छताकडून परतणारा आवाज अडतो आणि वाद्यवृंद शेजारच्या खोलीत वाजतोय असं वाटतं. पहिल्या बाल्कनीच्या मधल्या, पुढच्या खुर्च्या मिळाल्या तर डोळे झाकून घ्या. बर्लिनच्या फिलहार्मोनीसारख्या (१९६३) सभागृहात मंचामागेही प्रेक्षक बसतात. तिथून वाद्यवृंद संचालकाचा चेहरा आणि हात समोरून दिसतात, हा आनंद वेगळाच. पण एकल गायन असेल त्या दिवशी ती जागा नको. गायकाची पाठ तुमच्याकडे असते आणि आवाज पुढे जातो.

वेळ पाळणं इथे सक्तीचं आहे. दारं बंद झाली की बहुतेक ठिकाणी पहिली रचना संपेपर्यंत बाहेर थांबावं लागतं.

छोटा क्लब

जॅझ, ब्लूज, नवे बँड, एकटा गायक आणि त्याची गिटार यांना दोनशे-तीनशे माणसांची खोली सगळ्यात जास्त मानवते. वादकांमधले इशारे, तारेवर घसरणारं बोट, गाण्याआधी घेतलेला श्वास सगळं टिपता येतं.

एक गोष्ट मात्र हमखास फसते. लोक मंचाला चिकटून उभे राहतात आणि मग गायक दोन हातांवर असूनही त्याचे शब्द कळत नाहीत. कारण सोपं आहे: ड्रम आणि गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर थेट तुमच्या कानात वाजतात, पण गळ्याचा आवाज मुख्य स्पीकरमधून येतो आणि ते स्पीकर तुमच्या मागच्या गर्दीवर रोखलेले असतात. दोन स्पीकरमध्ये जितकं अंतर असेल साधारण तितकं मागे, मध्याला उभे राहा. त्याहून उत्तम म्हणजे साउंड इंजिनीअरच्या मिक्सरच्या आसपासची जागा, कारण तो जे ऐकून आवाज जुळवतो तेच तुम्हालाही ऐकू येतं.

इयरप्लग न विसरता न्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे, आणि छोट्या खोलीत ड्रमजवळ ती सहज ओलांडली जाते. फोमचे प्लग वरचे सूर जास्त कापतात, त्यामुळे गाणं दबकं वाटतं. फिल्टर असलेले, वादक वापरतात तसले प्लग सगळे सूर जवळपास सारखेच कमी करतात. फोमचाच वापरायचा तर तो बारीक वळा, कान वर-मागे ओढून आत सारा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा.

खुलं मैदान

बरेच कलाकार, मोठी टोळी आणि सगळ्यांनी मिळून गाण्याचा जोश हवा असेल तर मैदानच. बारीक आवाजाचं वाद्य ऐकायला मात्र तिथे जाऊ नये. शेजारच्या मंचाचा बेस, म्हणजे खालचा धमधमणारा आवाज, त्यात हटकून घुसतो.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. त्यामुळे मंचापासून १०० मीटरवर तो जवळपास ०.३ सेकंद उशिरा पोहोचतो आणि पडद्यावरचे ओठ आधी हलतात. मागच्या गर्दीसाठी मैदानात उभारलेल्या मनोऱ्यांवरचे स्पीकरही म्हणून मुद्दाम तितकेच उशिरा वाजवतात, म्हणजे त्यांचा आणि मंचावरचा आवाज एकत्र पोहोचतो. ते गणित चुकलं तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. अशा वेळी वीस-तीस पावलं पुढे किंवा मागे सरकून बघा. वारा असेल तर दूरवर वरचे सूर येत-जात राहतात, त्यावर मंचाच्या जवळ जाणं एवढाच उपाय. इथेही मिक्सरच्या तंबूसमोरची जागा सर्वात भरवशाची.

नृत्य किंवा नाटक निवडायचं असेल तर हिशोब वेगळा. नर्तकांच्या रचना वरून उलगडतात, म्हणून पहिली बाल्कनी. पदन्यास बघायचा तर खालीच, पण पहिल्या एक-दोन रांगांत उंच मंचामुळे पावलंच झाकली जातात. नाटकात चेहऱ्यावरचे बारीक भाव वीसेक मीटरपर्यंतच नीट दिसतात, त्याहून मागे जाऊ नये.

सोबत लहान मूल किंवा फार वेळ उभं न राहता येणारं माणूस असेल तर सभागृहातली कडेची खुर्ची घ्या. मैदानावर जायचंच असेल तर बाहेर पडायचा रस्ता आणि शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा, आणि शेवटच्या दोन गाण्यांच्या वेळी फाटकाच्या बाजूला सरका.