शिमानो एमटी200 ब्रेक: ई-बाईकवाल्यांनो, घरीच ॲडजस्ट करता येतात!

माझ्या ई-बाईकला शिमानोचे एमटी200 हायड्रॉलिक (म्हणजे वायरऐवजी ऑइलच्या दाबावर चालणारे) ब्रेक आहेत आणि सिंहगड घाटाच्या उतारावर ते एका बोटाने गाडी आवरतात. वायरवाल्या डिस्क ब्रेकला घाट उतरताना मुठी आवळून हात दुखायचे, तो प्रकार आता संपला. पण मला सगळ्यात जास्त काय आवडलं तर नेहमीची ॲडजस्टमेंट घरी एका एलन कीवर (षटकोनी पान्यावर) होते.

बहुतेक वेळा तक्रार एकच असते, चाक फिरताना खर्र खर्र आवाज येतो. बरेच जण लगेच ऑइल बदलायला निघतात, त्याची काही गरज नसते, कॅलिपर (चाकाजवळचा, ब्रेक पॅड असलेला भाग) जरासा सरकलेला असतो एवढंच. आधी गाडी बंद करून बॅटरी काढा. कॅलिपरचे दोन बोल्ट 5 एमएमच्या एलन कीने थोडे ढिले करा, म्हणजे कॅलिपर हाताने डावीउजवीकडे हलला पाहिजे, मग ब्रेकची लिव्हर घट्ट दाबून धरायची आणि दाबलेली असतानाच दोन्ही बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे, एकदम एकच आवळला की कॅलिपर परत तिरका होतो. किती आवळायचे, तर कंपनी 6 ते 8 न्यूटन मीटर सांगते. आता रोटरच्या (चाकाबरोबर फिरणाऱ्या धातूच्या चकतीच्या) मागे पांढरा कागद धरा आणि वरून फटीतून बघा, दोन्ही बाजूंना उजेडाची बारीक रेघ दिसली की काम झालं. चाकाच्या एका फेरीत एकदाच घासत असेल तर मात्र रोटर वाकलाय, तिथे कॅलिपर कितीही हलवला तरी फरक पडणार नाही.

लिव्हरजवळच्या छोट्या स्क्रूने ब्रेक टाइट होतो असा खूप जणांचा समज आहे. तो फक्त लिव्हर हँडलपासून किती लांब राहणार ते ठरवतो, लहान हातांना खूप सोयीचा आहे, पण पॅडशी त्याचा संबंध नाही. पॅड झिजले की पिस्टन (पॅडला रोटरवर ढकलणारा कॅलिपरमधला दट्ट्या) आपोआप पुढे येतो, कारण पिस्टनभोवतीचं रबरी सील ब्रेक दाबल्यावर थोडं मुरडतं आणि सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला तेवढंच मागे ओढतं, पॅड जास्त झिजला असेल तर पिस्टन सीलमधून थोडा पुढे घसरतो. म्हणूनच चाक काढलेलं असताना लिव्हर अजिबात दाबू नका, दोन्ही पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग ते प्लास्टिकच्या टायर लिव्हरने हळूहळू मागे ढकलत बसावं लागतं.

लिव्हर दाबल्यावर मऊ लागत असेल, हँडलपर्यंत जात असेल तरच आत हवा आहे असं समजा आणि ब्लीडिंग करा, म्हणजे ती हवा बाहेर काढा. यात मिनरल ऑइलच लागतं, मोटरसायकलचं डॉट फ्लुइड चुकूनही घालायचं नाही, सील खराब होतात. आणि ऑइलचा एक थेंब जरी पॅडला लागला तरी ब्रेक किंचाळतो आणि धरतही नाही, त्यामुळे आधी चाक आणि पॅड काढून बाजूला ठेवा. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, चेनसाठीचा स्प्रे तिकडे फिरकू पण द्यायचा नाही. मी ऑनलाइन एक स्वस्तातलं ब्लीडिंग किट घेतलं होतं, त्यातलं फनेल लिव्हरवर नीट बसत नव्हतं, थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील पण चांगलं फनेल घ्या.

कमी काय आहे? लिव्हर दाबल्यावर ब्रेक नेमका कुठे धरायला लागेल ते यात बदलता येत नाही. दोनच पिस्टन आहेत, त्यामुळे कॅरिअरवर सामान लादून रोज घाट उतरणार असाल तर चार पिस्टनवाले बघा. शहरात, आमच्या पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये आणि पावसात हे पुरेसे आहेत. नवीन पॅड घेताना रोटरवर काय लिहिलंय ते वाचा, 'रेझिन पॅड ओन्ली' असेल तर मेटलचे पॅड लावू नका, आणि पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर वीसेकच्या स्पीडवरून पूर्ण न थांबता हळू होईपर्यंत दहा-पंधरा वेळा ब्रेक मारा, त्याआधी ट्रॅफिकमध्ये जाऊ नका.