पीसीटी-क्यू कार्ड: अपघाताच्या पेशंटसाठी घ्यावं का?

प्रोकॅल्सिटोनिन (पीसीटी, म्हणजे जिवाणूंच्या संसर्गात रक्तात वाढणारं एक प्रथिन) मोजायचं मशीन नसलेल्या लॅबला ब्राम्स कंपनीचं पीसीटी-क्यू कार्ड सोयीचं वाटतं आणि तापाच्या साध्या पेशंटला ते चालतंही. ट्रॉमा वॉर्डासाठी मात्र ते अपुरं आहे. मुख्य चाचणी म्हणून तिथे ते घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आधी वापर. प्लेन बल्बमधलं (गोठू न देणारं औषध नसलेल्या नळीतलं) रक्त गोठू द्यायचं, सेंट्रिफ्यूज करायचं आणि वर सुटलेलं २०० मायक्रोलिटर सीरम पायपेटने खाचेत सोडायचं. संपूर्ण रक्त घालून चालत नाही. बरोबर ३० मिनिटांनी कंट्रोलची रेघ उमटलीय ना ते पाहायचं आणि टेस्टच्या रेघेचा रंग सोबतच्या रंगपट्टीशी जुळवायचा. ४५ मिनिटांनंतरचं वाचन धरू नये. गोठण्याचा वेळ धरला तर रिपोर्ट हातात पडेपर्यंत तासाच्या वर जातो, त्यामुळे ‘अर्ध्या तासात निकाल’ असं वॉर्डाला सांगू नका. सर्वाधिक घोळ होतो तो हिमोलाइज झालेल्या (लाल पेशी फुटलेल्या) सॅम्पलमध्ये. लालसर सीरममध्ये फिकट लालसर रेघ ओळखायची कशी? अशा वेळी सॅम्पल पुन्हा मागवा, अंदाजाने वाचू नका. एरवीही दोघांनी वेगवेगळं वाचून मग नोंदवलेलं बरं.

खरी अडचण निकालाच्या टप्प्यांत आहे. कार्ड चारच गट दाखवतं: ०.५ पेक्षा कमी, ०.५ ते २, २ ते १०, आणि १० किंवा जास्त नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. जखमी माणसात संसर्ग नसतानाही पहिल्या २४ ते ४८ तासांत पीसीटी वाढतं. पोटाला मोठा मार असेल किंवा रक्तस्रावाने शॉक आला असेल तर जास्तच. म्हणून पहिल्या दिवसाचा ‘२ ते १०’ बघून अँटिबायोटिक बदलणं चुकीचं आहे. इथे महत्त्व आकडा कुठे चाललाय याला. पीसीटीचं अर्धआयुष्य साधारण २४ तासांचं, म्हणजे सगळं ठीक असेल तर आकडा रोज जवळपास निम्मा व्हायला हवा. समजा, एकाचा ९ वरून ४.५ वर आला आणि दुसऱ्याचा ३ वरून ९ वर गेला. पहिला सुधारतोय, दुसऱ्याच्या पोटात कदाचित पू होतोय. कार्डवर मात्र दोघेही दोन्ही दिवस एकाच गटात! अँटिबायोटिक थांबवताना शिखरापासून ८० टक्के घट बघतात, तीही या कार्डावर काढता येत नाही.

मग काय करावं? आकडा देणारी पीसीटी बाहेरून करून घ्या, एक दिवसाआड का होईना, पण दरवेळी त्याच लॅबकडून. रोजच्यासाठी स्वस्त सीआरपी (सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, सूज किंवा संसर्गात वाढणारं दुसरं प्रथिन) ठेवा. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखराला जातं, तेव्हाच्या १५०-२०० मिलिग्रॅम प्रति लिटरने घाबरू नका. चौथ्या-पाचव्या दिवशीही उतरत नसेल किंवा उतरून परत चढलं, तर छाती, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी), लघवी आणि जखम तपासा, कल्चर पाठवा. दुसरं ऑपरेशन झालं की दोन्ही मार्कर पुन्हा वर जातात, म्हणून ऑपरेशनची तारीख चार्टवर आकड्यांच्या शेजारीच लिहा. लिव्हर निकामी असेल तर सीआरपी फसवं कमी येतं, कारण ते तयार तिथेच होतं. किडनी बंद असेल तर पीसीटी सावकाश उतरतं.

स्प्लीन (प्लीहा) काढलेल्या पेशंटच्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट संसर्गाशिवायही वाढतात. त्याच्याबाबतीत नुसत्या सीबीसीवर (रक्तपेशींच्या मोजणीवर) विसंबू नका.