पाचगणीचं बंगला-हॉटेल: भूत कमी, पत्रा जास्त

साहेबाच्या काळातला बंगला. मडमेच्या भुताची गोष्ट वेटर जेवणासोबत फुकट वाढतो. छपरावर ‘पावलं’ वाजतात हे खरं: सुमारे ४,२०० फुटांवर रात्र झपकन गार होते, तापलेला पत्रा आकसतो आणि खिळ्यांपाशी टकटकतो. मध्यरात्रीनंतर धावपळ ऐकू आली तर माळ्यावरचं उदमांजर. दार आपोआप उघडतं, कारण पावसाळ्यात चौकट फुगते नि कडी खाचेत पुरती बसत नाही. फटीत कागदाची घडी खोचा, मडम येत नाही. कोपऱ्यातली खोली टाळा, भिंतीला ओल आहे. गाद्या बऱ्या, चहा पाणचट. पावसाळ्यात टॉर्च न्याच. भुताचीच हौस असेल तर मार्चमध्ये जा, तेव्हा पत्रा मनसोक्त बोलतो.