विदेशी फळझाडांची रोपवाटिका, बडोदा: ड्रॅगन डोळे मिटून घ्या, जाबुटिकाबा विचारून

गच्चीवर लिंबू-चिकूपलीकडचं काही लावायची हौस असलेल्या बडोदेकरांनी आजवा रोडकडच्या या रोपवाटिकेत एक चक्कर मारावीच. मात्र तिथली सगळीच रोपं सारख्या दर्जाची नाहीत.

ड्रॅगन फ्रूट, म्हणजे गुजरात सरकारने 2021 मध्ये ज्याचं नाव कमलम केलं ते, इथे उत्तम मिळतं. रोपं जून फांदीच्या कटिंगची आहेत, त्यामुळे दुसऱ्या वर्षी फळाची आशा धरता येते. तरी बुडखा बोटाने दाबून बघा. टणक असेल तरच घ्या. मऊ, तपकिरी लागला तर आत कूज धरली आहे.

कुंडी 50 लिटरची हवी. माती, जाड वाळू आणि कुजलेलं शेणखत समान घ्या. पाच फुटी खांबावर एकच फांदी चढू द्या, वर पोचली की शेंडा खुडा, कारण फळं धरतात ती खाली लोंबणाऱ्या फांद्यांना. विक्रेते ‘भरपूर ऊन द्या’ एवढंच सांगतात. आपल्याकडच्या मे महिन्यात मात्र पश्चिमेची बाजू पिवळी पडून भाजते. एप्रिल ते जून 50 टक्क्यांची शेडनेट बांधाच. लाल गराच्या पुष्कळ जातींना स्वतःचा पराग चालत नाही, तेव्हा दोन वेगळ्या जाती मागा. फूल रात्री उमलतं आणि सकाळी मिटतं. रात्रीच मऊ ब्रशने पराग लावला तर महिन्याभरात फळ तयार.

जाबुटिकाबाबद्दल तक्रार आहे. खोडालाच काळी फळं लगडणारं हे देखणं झाड, पण चिठ्ठीवर जात नाही, की रोप बियांचं की कलमी तेही नाही. सबारा जातीचं बियांचं रोप आठ-दहा वर्षं थांबवतं, लाल संकर बराच लवकर फळतो. एवढा फरक गिऱ्हाइकापासून लपून राहणं अजिबात बरोबर नाही.

शिवाय त्याला आम्लधर्मी माती लागते. बोअरच्या जड पाण्याने पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागतात. ही लोहाची कमतरता. आरओचं वाया जाणारं पाणी तर मुळीच घालू नका, त्यात क्षार आणखी जास्त. पावसाचं किंवा एसीचं पाणी साठवून वापरा. काउंटरवर मिळणारं लोहखत ईडीटीए प्रकारचं (लोह धरून ठेवणाऱ्या एका रसायनाचं नाव) आहे, ते अल्कधर्मी मातीत टिकत नाही. ईडीडीएचए (अशा मातीतही लोह धरून ठेवणारं दुसरं रसायन) असं लिहिलेलं पाकीट शोधा. मिरॅकल फ्रूटलाही, म्हणजे जे खाल्ल्यावर आंबट पदार्थ गोड लागतात त्या फळाच्या झाडालाही, हेच सगळं लागू.

पॅशन फ्रूटच्या वेली निरोगी आहेत. पिशवीच्या तळातून मुळं बाहेर आलेली तेवढी टाळा.