टर्कीचा खिमा: ९३ टक्के लीन घ्यायचा की ९९? (लूज मीट सँडविचसाठी)

कामावरून दमून आल्यावर अर्ध्या तासात होणारं आणि पोटाला जड न पडणारं जेवण म्हणून मी लूज मीट सँडविच टर्कीचं करते, आणि त्यासाठी बाजारात मिळणारे तिन्ही प्रकारचे टर्की खिमे वापरून झालेत, म्हणून हा रिव्ह्यू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे मूळचं अमेरिकेतल्या आयोवाकडचं सँडविच. तिकडे मस्कटीन गावात १९२६ मध्ये मेड-राइट नावाचं सँडविचचं दुकान सुरू झालं, तेव्हापासून तिथे हे बीफचंच असतं, खिमा मोकळा शिजवायचा, कांदा, मोहरीचा सॉस, पिकल आणि मऊ बन, बस. टोमॅटो सॉस घातला की तो स्लॉपी जो झाला, ते वेगळं.

आता पॅकेट. ८५, ९३ आणि ९९ टक्के लीन, म्हणजे फॅट सोडून उरलेला भाग, असं लिहिलेलं असतं. हे टक्के वजनाचे असतात हां, कॅलरीचे नाही! ९३ वाल्यात ११२ ग्रॅमला साधारण ८ ग्रॅम फॅट आणि १६० कॅलरी, म्हणजे जवळजवळ निम्म्या कॅलरी फॅटच्याच. तरी ८०-२० बीफमध्ये (८० टक्के लीन, २० टक्के फॅट) तेवढ्याच वजनाला २३ ग्रॅमच्या आसपास फॅट असतं, त्यामानाने फरक भरपूर आहे. ९९ वालं म्हणजे नुसतं ब्रेस्टचं मांस, फॅट दीड ग्रॅमच्या आतबाहेर. आणि ८५ वालं लो-फॅट म्हणून घ्यायचंच नाही, १७ ग्रॅम फॅट आहे त्यात, टर्की लिहिलंय म्हणून हलकं असेल असं अजिबात समजू नका.

कागदावर ९९ जिंकतं, पण पॅनमध्ये नाही. ट्रेमधून काढल्यावर त्याच्या शेवयांसारख्या लांब लांब दोऱ्या असतात आणि गरम पॅनला लागल्या की तशाच घट्ट होतात, मग कितीही उलथनं मारा, चिवट गोळे राहतात आणि खाताना घशात कोरडं कोरडं लागतं. या सँडविचची सगळी मजा बारीक मोकळ्या खिम्यात आहे, त्यामुळे माझं मत ठाम ९३ ला.

करायचं असं की पॅन फार तापायच्या आधीच खिमा टाकायचा, सोबत अर्धा कप चिकन ब्रॉथ (चिकन उकळून काढलेलं पाणी), कमी मिठाचा घ्या, आणि बटाटे कुस्करायच्या मॅशरने तो ओला असतानाच फोडत राहायचं. ब्रॉथमुळे दोऱ्या सुटतात आणि दाणे एकसारखे होतात, हीच खरी किल्ली आहे. मग बारीक चिरलेला कांदा, चमचाभर मोहरीचा सॉस, थोडा वूस्टरशर सॉस, भरपूर काळी मिरी. टर्कीला स्वतःची चव फार कमी असते त्यामुळे मिरी आणि मोहरीत हात आखडता घेऊ नका. दहा-बारा मिनिटं मध्यम आचेवर, पाणी जवळपास आटेपर्यंत पण पूर्ण कोरडं नाही, तळाला थोडा ओलावा चमकताना दिसला की गॅस बंद. मांस पांढरं दिसलं म्हणजे शिजलं असं नसतं, थर्मामीटर असेल तर १६५ फॅरनहाइट म्हणजे ७४ सेल्सियस बघा, टर्कीला बीफपेक्षा जास्त लागतं.

बन टोस्ट करू नका प्लीज. खिम्यावरच उघडून ठेवा, झाकण घाला, मिनिटभर वाफ लागू द्या, इतका मऊ होतो की खिमा त्याला चिकटून बसतो. तरी सांडतोच, चमचा जवळ ठेवा, आयोवातही सोबत चमचा देतात. वरून पिकल आणि कच्चा कांदा. चीज नको, एका स्लाइसने पाच-सात ग्रॅम फॅट परत येतं मग एवढं बघून खिमा आणला कशाला.

एका पौंडाच्या पॅकेटात चार सँडविचं होतात, बन धरून एकाला १० ग्रॅमच्या आसपास फॅट. काही पॅकेटांत रोझमेरीचा अर्क असतो, त्याचा वास मला मोहरीसोबत आवडत नाही, मागची लेबल वाचून नुसती टर्की लिहिलेलं घ्या.

९३ ला पाचपैकी साडेचार. ९९ ला या सँडविचसाठी अडीच, पण सूपमध्ये किंवा मीटबॉलमध्ये ते छान चालतं, तिथे ओलावा बाहेरून मिळतो.