ऑल-इन-वन किचन मशिन: बरेच महिने वापरल्यावर काय वाटतं

तळाला हीटर, मध्ये पातं, पायांत वजनकाटा आणि पुढे स्क्रीन, अशा जातीचं मशिन आमच्या ओट्यावर येऊन आता बरेच महिने झाले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण या प्रकारातली बहुतेक मशिनं आतून सारखीच असतात आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांनाच थोडंफार लागू पडतं. कल्पना तशी जुनीच आहे. जर्मनीच्या फोरवेर्क कंपनीने थर्मोमिक्सचं पहिलं मॉडेल, व्हीएम २०००, १९७१ साली आणलं. बारीक करणं आणि शिजवणं एकाच भांड्यात, एवढीच त्यातली मूळ युक्ती. वजनकाटा, स्क्रीन आणि इंटरनेटवरून उतरणाऱ्या पाककृती ही पुढची भर.

निकाल आधीच सांगून टाकते. मशिन ठेवण्यासारखं आहे, विकायचा विचार नाही. पण त्याचा खरा उपयोग दिसायला लागला तो माझ्या पाककृती ग्रॅम, अंश आणि मिनिटांत लिहून काढल्यावर. तोवर तो ओटा अडवणारा महागडा मिक्सर होता. म्हणून हा अनुभव निम्मा मशिनचा आणि निम्मा वहीचा आहे.

सगळ्यात जास्त गुण तापमानाला. कस्टर्ड घ्या. अंड्यातलं पिवळं दुधात साधारण ८० अंशांच्या आसपास दाट होतं आणि त्याच्या थोडं वर गेलं की फाटतं. गॅसवर हे सांभाळायचं तर चमचा हातात धरून उभं राहायचं, मध्ये फोन वाजला तर वाजू द्यायचा. इथे ८० अंश, मंद वेग, दहा मिनिटं, आणि मी तोवर भांडी घासून मोकळी. यीस्टचं पीठ मळायचं असेल तर पाणी ३७ अंशांवर आणून थांबवता येतं. ५५-६० च्या पुढे यीस्ट मरतं, त्यामुळे ‘कोमट’ म्हणजे नेमकं किती, हा प्रश्नच उरत नाही. चॉकलेट ४५-५० अंशांवर निवांत वितळतं, तळाला करपत नाही. ज्या पदार्थात एकसारखं ढवळायचं आणि उष्णता सांभाळायची असते, तिथे हे मशिन माझ्यापेक्षा बरं काम करतं, हे मान्य करायला मला काही वाटत नाही.

आता कांदा. ‘कांदा परता, १२० अंश, ५ मिनिटं’ असं मशिनच्या प्रत्येक दुसऱ्या पाककृतीत असतं आणि प्रत्येक वेळी भांड्यात निघतो तो पांढुरका, उकडलेला कांदा. याचं कारण साधं आहे. पदार्थाला खरपूस रंग आणि तो वास येण्याची जी क्रिया आहे, ती जोमाने चालायला साधारण १४० अंशांच्या वरचं तापमान लागतं. कांद्यातलं पाणी उडून जाईपर्यंत तापमान शंभरच्या फार वर जातच नाही, आणि झाकण लावलेलं असलं की उडालेली वाफ पाणी होऊन परत खालीच पडते. उपाय आहे, पण अर्धाच: झाकणावरचा मापाचा कप काढायचा, त्या जागी वाफवण्याची जाळी उपडी ठेवायची म्हणजे वाफ बाहेर जाते आणि शिंतोडे उडत नाहीत, कांदा एका वेळी थोडाच घालायचा आणि वेळ दुप्पट धरायची. तरी सोनेरीपर्यंतच मजल जाते. खरपूस हवा असेल तर मी सरळ कढई काढते. काही नव्या मॉडेलांत १६० अंशांपर्यंत जायची सोय आहे, आमच्यात नाही. घेताना हा आकडा नक्की बघा, जाहिरातीतली ‘वीस कामं’ त्यानंतर.

राजम्यासारखे दाणे यात मंद आचेवर शिजवायला टाकून झोपू नका. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. ते जायला राजमा आधी भिजवून, ते पाणी फेकून देऊन, नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळावं लागतं. उकळी न येता मंद आचेवर तासन्‌तास ठेवून ते जाईलच याचा भरवसा नाही. मंद आचेचा मोड वापरायचाच असेल तर हे उकळणं आधी उरकून घ्या. ‘स्लो कुक’चं बटण दाबताना हे कुठलीच स्क्रीन सांगत नाही.

वेळेबद्दल आणखी एक. लिहिलेल्या वेळेत पदार्थ झाला नाही अशी तक्रार सगळीकडे वाचायला मिळते. बऱ्याचदा त्यात मशिनचा दोष नसतो. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० वर न्यायला साधारण ३१४ किलोज्यूल लागतात. हजार वॅटच्या हीटरची सगळी उष्णता पाण्यातच गेली असं धरलं तरी सव्वापाच मिनिटं झाली, आणि सगळी काही जात नाही. माप दुप्पट केलं की ही तापण्याची वेळही दुप्पट होते, शिजण्याची मात्र जवळपास तेवढीच राहते. म्हणून मी दोन्ही वेळा वेगळ्या लिहायला लागले: ‘उकळी येईपर्यंत’ एक आणि ‘त्यानंतर’ दुसरी. शिवाय घाई असेल तेव्हा पाणी किटलीत उकळून घालते.

वजनकाटा सोयीचा आहे, पण लहरी. मशिनची वायर त्याच्याच पायाखाली अडकली असेल किंवा भांड्याचा कान भिंतीला टेकला असेल तर आकडा खुशाल वीस-तीस ग्रॅमने हलतो. वजन करताना मशिनला हात लावायचा नाही, ओटा पुसायचा फडका टेकवायचा नाही. आणि मीठ, यीस्ट, बेकिंग पावडर यांसाठी त्याच्या भरवशावर राहू नये. पाच-पाच ग्रॅमने पुढे सरकणारा काटा तीन ग्रॅम मीठ काय मोजणार? त्यासाठी छोटा वेगळा काटा ठेवलाय.

धुणं, आवाज, जागा याबद्दल थोडक्यात. अर्धा लिटर पाणी, साबणाचा थेंब, वेगाने अर्धा मिनिट फिरवलं की बरंचसं निघतं. पात्याखालची खोबण मात्र ब्रशनेच साफ करावी लागते. झाकणाच्या सिलिकॉनच्या रिंगला लसणाचा वास धरतो, म्हणून गोडासाठी दुसरी रिंग ठेवली आहे. आवाज मोठा आहे, बर्फ फोडताना शेजारच्या खोलीत बोलणं थांबतं. गरम सूप बारीक करताना वेग एकदम वाढवू नका, हळूहळू चढवा, नाहीतर झाकणाच्या भोकातून ते अंगावर येतं.

आता वहीकडे वळते.

मशिनसोबत कंपनीचं पाककृतींचं ॲप येतं. एकेक पायरी स्क्रीनवर, वजन आपोआप, पुढे-पुढे बटण दाबत जायचं. पहिले काही आठवडे याचा मोठा आधार होता, नाकारत नाही. पण त्यात मीठ कमी केलं, वेळ वाढवली, तर ते बदल फक्त शेरा म्हणून लिहिता येतात, मूळ पायरी तशीच राहते. बाहेर काढायची सोय नाही. वर्गणी थांबली की पाककृतीही गेल्या. ज्या पदार्थावर मी चार वेळा हात फिरवलाय, तो दुसऱ्याच्या कपाटात कुलूपबंद असणं मला पटत नाही.

त्यामुळे सगळं स्वतःकडे उतरवून घ्यायचं ठरवलं आणि मग पसारा दिसला. फोनमधले स्क्रीनशॉट, कात्रणं, पाठवलेल्या व्हिडिओंच्या लिंका, आणि आत्याची जुनी वही. वहीत ‘मीठ अंदाजे’, ‘पाणी लागेल तसं’. मी काटा घेऊन आत्याशेजारी बसले आणि ती पिठात पाणी घालत असताना प्रत्येक वेळी भांडं काट्यावर ठेवायला लागले. “अगं, हाताला कळतं ते, वजन कसलं करतेस,” म्हणाली. तिची मूठ दर वेळी वेगळी भरत होती. पण शेवटी पीठ १०० तर पाणी ६० च्या आसपास, हे प्रमाण काही हलत नव्हतं. मूठ नाही, प्रमाण लिहायचं, हे तिथे ठरलं. आता पिठाच्या सगळ्या पाककृती मी टक्क्यांतच लिहिते, मग पीठ कितीही घ्या.

कपाचं माप तर आधी फेकून द्या. अमेरिकन कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, मेट्रिक कप २५० चा. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियात २० चा. आणि मैदा चमच्याने हलकेच भरला तर कपात १२० ग्रॅम, पिशवीत कप खुपसून दाबून भरला तर दीडशेपर्यंत. पाककृती कुणाची आहे हे माहीत नसेल तर ‘दोन कप’ याला काही अर्थ नाही.

माझा साचा असा झालाय: जिन्नस ग्रॅममध्ये, मग तापमान, वेग, वेळ, आणि शेवटी डोळ्याला काय दिसायला हवं ते. हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. ‘वेग ४’ हा या मशिनचा चार आहे, दुसऱ्या कंपनीचा चार वेगळा. ‘जाडसर, तांदळाच्या दाण्याएवढं’ असं शेजारी लिहिलेलं असलं तर उद्या मशिन बदललं किंवा बंद पडलं तरी पाककृती चालते. ‘चमच्याच्या मागे थर बसतो’, ‘पीठ भांड्याच्या कडा सोडतं’, अशी वाक्यं मी आता मुद्दाम जमवते.

कुठे ठेवायच्या? पॅप्रिका, मीली, टॅन्डूर ही ॲप्स माहितीची आहेत. वेबपानावर पाककृतीची ठरावीक रचनेतली माहिती दडवलेली असते, ती उचलून ही ॲप्स जिन्नस आणि कृती आपोआप वेगळी करतात. पानावर ती रचना नसेल तर मग हाताने चिकटवा. मी एक ॲप काही दिवस वापरलं आणि मराठीत अडकले. ‘सुप’ शोधलं तर ‘सूप’ सापडत नाही. ‘बऱ्यापैकी’मधला र दोन-तीन प्रकारे टाइप होतो, दिसायला एकच, शोधायला वेगळा. माप दुप्पट करायचं बटण दाबलं तर ‘५००’ तसाच, कारण त्याला फक्त इंग्रजी आकडे कळतात. शेवटी साध्या मजकुराच्या फाइली केल्या, एका पाककृतीला एक. नावात मुख्य जिन्नस आधी. फोनवर उघडतात, कुठल्याही संगणकावर उघडतात, कुणाच्या परवानगीची गरज नाही.

वर्गवारी मात्र नेहमीची केली नाही. सकाळचं-संध्याकाळचं, गोड-तिखट यातून ऐन वेळी काही हाती लागत नाही. माझे शिक्के आहेत: ‘भांडं एकदाच’, ‘भांडं दोनदा धुवा’, ‘उभं राहावं लागतं’, ‘लावून जाता येतं’. थकून घरी आल्यावर मी ‘भांडं एकदाच’ आणि ‘लावून जाता येतं’ एवढंच शोधते. आणि न केलेल्या पाककृतींचं खोकं वेगळं. तिथून करून बघितल्याशिवाय मुख्य वहीत प्रवेश नाही. त्या खोक्यातलं निम्मं मी डोळे झाकून पुसून टाकलं, एकाचीही आठवण आलेली नाही.

कुणी घ्यावं? रोज सूप, सॉस, पीठ, बाळाचं मऊ जेवण असं काही करणाऱ्यांनी जरूर घ्यावं. ज्यांना परतलेलं, भाजलेलं, तळलेलं आवडतं त्यांची कढई सुटणार नाही. सहा-सात माणसांचं घर असेल तर दोन-सव्वादोन लिटरचं भांडं अपुरं पडतं, दोन खेपा कराव्या लागतात. घेण्याआधी विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: पात्याची आणि झाकणाची रिंग सुटी मिळते का, वर्गणी न भरता वेळ आणि तापमान हाताने लावता येतं का, आणि दुसरं भांडं वेगळं विकत मिळतं का. मी दुसरं भांडं उशिरा घेतलं. एकात पीठ फुगत असताना दुसऱ्यात सूप लावता येतं, त्यामुळे ‘भांडं दोनदा धुवा’ हा शिक्का हल्ली फारसा लागत नाही.