दोन इंजिनं, दोन सुकाणू: अलाइनमेंटनंतरचा अख्खा सीझन

गेल्या पावसाळ्यात बोट वर ओढली होती, तेव्हा दोन्ही सुकाणूंची अलाइनमेंट, म्हणजे त्यांचा एकमेकांशी कोन जुळवण्याचं काम, करून घेतली. नारळी पौर्णिमेनंतर ती पाण्यात उतरली आणि तेव्हापासून मेपर्यंत चालतेच आहे. जास्त करून गेटवे-मांडवा, अधूनमधून घारापुरी, वारा बरा असला तर खांदेरी बेटापर्यंत. बोट जुनी, फायबरची. दोन डिझेल इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेली इंजिनं), सरळ शाफ्ट (पंखा म्हणजे प्रोपेलर फिरवणारा दांडा), हायड्रॉलिक म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं स्टिअरिंग. एवढ्या वापरानंतर माझं मत असं की काम करून घेण्यासारखं आहे, पण लोक ज्यासाठी करायला सांगतात त्यासाठी नाही.

लोक सांगतात वेगासाठी. नॉट वाढतील, डिझेल वाचेल वगैरे. माझ्याकडे त्याच आरपीएमला वेग जवळपास तोच राहिला. आणि आपल्या बंदरात हे मोजताना एकाच दिशेचा जीपीएसचा आकडा धरून चालतच नाही. उधाणाच्या दिवसांत पाण्याची ओढ सहज २-३ नॉट असते. जाऊन-येऊन सरासरी काढली तरच तो आकडा खरा.

बदललं ते चाक. आधी क्रूझिंगला चाकात सतत बारीक थरथर असायची आणि मागचं हॅच (डेकवरचं झाकण) उघडलं की टाय-रॉडचा, म्हणजे दोन्ही सुकाणू जोडणाऱ्या सळईचा, खडखडाट ऐकू यायचा. दोन्ही सुकाणू अगदी समांतर आणि सांध्यांत थोडी ढिलाई असली की पंख्यामागच्या घुसळलेल्या पाण्यात सुकाणूंची पाती डोलत राहतात. दोघांना एकमेकांविरुद्ध किंचित तिरकं ठेवलं की पाण्याचा दाब ती ढिलाई एका बाजूला ओढून धरतो आणि आवाज बंद होतो. तिरकं फार झालं तर मात्र दोन्ही सुकाणू एकमेकांशी भांडत बसतात. बोट सरळच जाते, पण ब्रेक लावल्यासारखी. सीझनभर खडखडाट परत आला नाही. आमचे तांडेल (बोट चालवणारे) कमी बोलतात. त्यांनी एवढंच म्हटलं, "शेठ, आता मांडव्यापर्यंत एका हाताने जाते."

आता खर्चाचं. अलाइनमेंटपेक्षा जास्त पैसे तिच्याआधीच्या कामांत गेले आणि ते योग्यच झालं. बोट डावीकडे ओढते ही तक्रार होती. त्याची निम्मी कारणं सुकाणूत नव्हतीच. दोन्ही आरपीएम मीटर सारखा आकडा दाखवत होते, पण क्रँक पुलीवर पट्टी चिकटवून फोटो टॅकोमीटरने मोजलं तर इंजिनांत चांगलाच फरक निघाला. एका पंख्याचा जोर जास्त असेल तर बोट दुसरीकडे वळणारच, त्यात सुकाणूचा काय दोष? मग सुकाणूचा दांडा ज्यात फिरतो ते बुश बदलले, दांड्याभोवतून पाणी आत येऊ न देणाऱ्या ग्लँडचं पॅकिंग नवं घातलं, हायड्रॉलिकमधली हवा काढली. बुश ढिला असताना पाती कितीही मोजून जुळवा, पाण्यात गेल्यावर ती हवी तिथे जातात.

हायड्रॉलिकवाल्यांसाठी आणखी एक. चाकाच्या एका आऱ्याला दोरा गुंडाळून 'हे मधलं' असं समजू नका. सीलमधून तेल थोडं थोडं सरकतं, म्हणून चाकाचं मध्य जागचं हलत राहतं. सुकाणू किती वळलंय ते दाखवणारा रडर अँगल इंडिकेटर बसवा. अख्ख्या कामात सगळ्यात जास्त उपयोग मला त्याचाच झाला.

प्रत्यक्ष मोजणी बोट सुकीत असताना. पात्याचा छेद पाचरीसारखा असेल तर बाहेरच्या पृष्ठभागावरून मोजू नका, मधली रेघ काढून तिथून मोजा. दोन्ही पात्यांवर एकाच उंचीला खूण करायची, मग पुढच्या कडांमधलं अंतर आणि मागच्या कडांमधलं अंतर. जुना टाय-रॉड आधीच्या मालकाने एका वर्कशॉपमधून करून घेतला होता आणि दोन्ही टोकं चक्क वेल्ड केलेली होती! जुळवायला जागाच ठेवली नव्हती. तो काढून टाकला आणि आटे असलेला स्टेनलेस स्टीलचा घातला. आमच्या रॉडचे आटे २ मिमी पिचचे, टिलर आर्म (सुकाणूच्या दांड्यावरचा, टाय-रॉड जोडलेला हात) २०० मिमीचा. म्हणजे एका टोकाचा एक पूर्ण फेरा म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडं जास्त. ३०० मिमीच्या पात्यावर पुढच्या आणि मागच्या अंतरात साधारण ३ मिमीचा फरक. त्यामुळे एका वेळी अर्ध्या फेऱ्यापेक्षा जास्त फिरवण्यात अर्थ नाही.

पुढचं जुळवणं पाण्यात. सकाळी लवकर, दुपारचा वायव्येचा वारा उठायच्या आत. होकायंत्रावर सरळ धावायचं. जीपीएसचा मार्ग तिरका दिसला तर ती भरती-ओहोटीची ओढ आहे, सुकाणू नाही. अर्धा फेरा, लॉकनट घट्ट, परत धाव. चाक सगळ्यात हलकं जिथे लागलं तिथे थांबलो. किती फेरे ते मुद्दाम देत नाही. पंखे कुठल्या बाजूला फिरतात, पाती शाफ्टपासून किती सरकवलेली आहेत, यावर ते ठरतं. दुसऱ्याचा आकडा उचलून उपयोग नाही. टाय-रॉड चालत्या बोटीत सोडून सुकाणू स्वतः कुठे स्थिरावतं ते बघा, असंही एकाने सुचवलं. मी नाही म्हटलं. स्टिअरिंगच्या हायड्रॉलिक सिलिंडरला न जोडलेलं सुकाणू वेगात एकदम टोकाला फिरलं तर काय, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. शेवटी चाक दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून आर्म कुठे अडकत नाहीत ना, पातं पंख्याला लागत नाही ना, हे हॅचमध्ये आणि खाली, दोन्हीकडे बघून घेतलं.

जेटीला लावताना काडीचाही फरक पडला नाही, पडणारही नव्हता. कमी वेगात आम्ही सुकाणू मध्ये ठेवतो आणि दोन गिअरवरच बोट फिरवतो.

सीझनच्या मधे एकदा ओढ परत जाणवली. टाय-रॉडला हात लावण्याआधी डायव्हर उतरवला. डाव्या शाफ्टला नायलॉनच्या जाळीचा तुकडा गुंडाळलेला आणि त्याच बाजूच्या सुकाणूच्या पात्यावर बार्नेकलचा (चिकटून वाढणाऱ्या कवचधारी समुद्री जीवांचा) थर. गेटवेसमोर मुरिंगवर (पाण्यात बांधून) बोट उभी राहिली की हे होतंच. साफ केल्यावर चाक पुन्हा जागेवर.

आता जूनआधी बोट पुन्हा वर जाईल. बुशांची ढिलाई मोजणार, लॉकनटवर मारलेली रंगाची रेघ सरकली आहे का बघणार. सरकली नसेल तर टाय-रॉड आहे तसाच ठेवणार.